गोल बारमधला फटीग क्रॅक: सिम्युलेशनमधला आकार बीच मार्कशी जुळत नाहीये

बारवाला_३०

नमस्कार मंडळी. एम.टेक.चा प्रोजेक्ट चालू आहे, विषय आहे गोल बारमधल्या फटीग क्रॅकची (परत परत लोड देऊन पडणाऱ्या भेगेची) वाढ आणि वाढताना त्याचा आकार कसा बदलतो ते. मटेरियल ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील), बारचा व्यास ३० मिमी, मध्यभागी १ मिमी खोल सरळ खाच पाडलीये, बारच्या गोलाईमुळे खाचेची लांबी साधारण १०.८ मिमी भरते. लोड सरळ ओढीचा, आर रेशो (सायकलमधला कमीत कमी लोड भागिले जास्तीत जास्त लोड) ०.१. टेस्ट चालू असताना मधेमधे अॅम्प्लिट्यूड कमी करून बीच मार्क (त्या वेळची क्रॅकची कड दाखवणाऱ्या रेषा) पाडून घेतलेत, त्यामुळे बार तुटल्यावर कुठल्या टप्प्याला क्रॅकची कड कशी होती ते फोटोत स्वच्छ दिसतं.

सिम्युलेशन दोन प्रकारे केलंय. पहिलं एक्सेलमध्येच, म्हणजे क्रॅकची कड हा लंबवर्तुळाचा तुकडा धरला आणि दोनच बिंदू वाढवले, सगळ्यात खोल बिंदू आणि पृष्ठभागावरचा बिंदू, दोघांना पॅरिस लॉ (क्रॅक वाढीचा नियम) लावला आणि त्यातून पुढचं लंबवर्तुळ काढलं. के (स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर, म्हणजे क्रॅकच्या कडेवरच्या स्ट्रेसची तीव्रता) काढायला सपाट प्लेटचं न्यूमन-राजू समीकरण घेतलं. दुसरं फायनाइट एलिमेंटमध्ये (बारचे छोटे तुकडे, म्हणजे मेश, पाडून सोडवायची पद्धत), तिथे फ्रंटवरच्या म्हणजे क्रॅकच्या कडेवरच्या प्रत्येक नोडला के काढायचा, प्रत्येक नोड आपापल्या हिशोबाने पुढे सरकवायचा, परत मेश, परत सोडवायचं.

पहिल्या पद्धतीत खोली बऱ्यापैकी जुळते पण पृष्ठभागावर क्रॅक बीच मार्कच्या पुढे निघून जातो. दुसऱ्या पद्धतीत पहिल्या काही स्टेप चांगल्या येतात आणि मग फ्रंट नागमोडी व्हायला लागतो, एकदा झाला की वाढतच जातो. गाइड म्हणतात पॅरिस लॉमधले सी आणि एम हे मटेरियलचे स्थिरांक थोडे हलवून बघ. तर विचारायचं हे की सी बदलून आकार जुळतो का, लंबवर्तुळ धरणं मुळात बरोबर आहे का, आणि हे नागमोडी प्रकरण थांबवायचं कसं. पुढे हेच मॉडेल फिरत्या शाफ्टला लावायचंय त्यामुळे पाया पक्का करून घ्यायचाय.

जाळीकाम

सी ला हात लावू नका. आकाराशी त्याचा संबंधच नाही, आणि ही गोष्ट एकदा नीट पटली ना की अख्ख्या प्रोजेक्टकडे बघायची नजर बदलते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॅरिस लॉ म्हणजे एका सायकलमागे होणारी वाढ = सी गुणिले डेल्टा-केचा एम घात, डेल्टा-के म्हणजे एका सायकलमधला केचा चढउतार. फ्रंटवरचा कुठलाही बिंदू घ्या आणि सगळ्यात जास्त वाढणाऱ्या बिंदूशी त्याचं गुणोत्तर काढा. सायकली दोघांना तेवढ्याच, सी दोघांना तोच, त्यामुळे सी वर-खाली उडून जातो आणि उरतं फक्त डेल्टा-केचं गुणोत्तर आणि त्यावर एमचा घात. समजा खोल बिंदूला डेल्टा-के १० आहे आणि पृष्ठभागाजवळ ९, एम ३, तर ०.९ चा घन ०.७२९, म्हणजे खोल बिंदू ०.३० मिमी सरकला तर पृष्ठभागाजवळचा साधारण ०.२२ मिमी सरकणार. सी दुप्पट करा नाहीतर निम्मा, हे आकडे तेच राहतात, फक्त तेवढं अंतर जायला लागणाऱ्या सायकली बदलतात.

म्हणून तुमच्या फोटोत खरं तर दोन वेगळ्या चाचण्या आहेत. बीच मार्कचा आकार तपासतो तुमचा के, म्हणजे भूमिती, मेश, बाउंड्री कंडिशन वगैरे सगळं. आणि दोन मार्कांमधलं अंतर भागिले त्यामधल्या सायकली, हे तपासतं तुमचा सी. पहिली चाचणी पास झाल्याशिवाय दुसरीकडे जायचंच नाही. के चुकीचा असताना सी हलवून आयुष्य जुळवलं तर ते त्या एका बारपुरतं जुळतं, व्यास बदलला की सगळं कोसळतं. हे मी पोटतिडकीने लिहितोय कारण अशी ॲडजस्ट केलेली रिझल्ट्स बऱ्याच रिपोर्टात दिसतात आणि पुढे कुणीतरी तेच आकडे डिझाइनला वापरतं.

एमचा परिणाम मात्र आकारावर होतो. एम मोठा असेल तर डेल्टा-केमधला छोटा फरकही ताणला जातो. पण एम फ्रंटवर जुळवून काढायचा नसतो, तो मटेरियलच्या वेगळ्या टेस्टमधून यायला हवा. ईएन८ नॉर्मलाइज्ड असेल तर रचना फेराइट-पर्लाइटची, त्यासाठी बार्सम या संशोधकाचे आकडे खूप वापरले जातात, एम ३ आणि सी ६.९ गुणिले १० चा उणे १२ वा घात, वाढ मीटरमध्ये आणि के एमपीए रूट मीटरमध्ये. बीएस ७९१० या ब्रिटिश स्टँडर्डमध्ये एम ३ च आहे पण सी दिसतो ५.२१ गुणिले १० चा उणे १३ वा घात, कारण तिथे सगळं न्यूटन आणि मिलिमीटरमध्ये आहे. तुमच्या युनिटात आणला तर तो साधारण १.६५ गुणिले १० चा उणे ११ वा होतो, म्हणजे बार्समच्या जवळजवळ अडीचपट, कारण तो मुद्दाम सुरक्षित बाजूने धरलेला आहे. युनिट न बदलता नुसता आकडा उचलला तर निकाल कुठल्या कुठे जातो, तेव्हा हे एकदा हाताने करून बघाच.

आता पहिल्या पद्धतीत पृष्ठभागावर क्रॅक पुढे का जातो. दोन कारणं दिसतात. एक, प्लेटचं समीकरण गोल बारला लावलंय. क्रॅक अगदी छोटा असेल तोवर चालतं, पण खोली व्यासाच्या दहा-पंधरा टक्के झाली की बारची गोलाई आणि उरलेला छेद दोन्ही बोलायला लागतात. गोल बारसाठी वेगळे के उपलब्ध आहेत, राजू आणि न्यूमन यांचे १९८६ चे आहेत, कार्पिंटेरी यांचंही बरंच काम आहे. शिवाय प्लेटमध्ये पृष्ठभागावरचा बिंदू सरळ रेषेत सरकतो, त्यामुळे अर्धी रुंदी हाच लंबवर्तुळाचा अक्ष. बारमध्ये तो बिंदू परिघावरून सरकतो, लंबवर्तुळाचा दुसरा अक्ष बारच्या बाहेर हवेत असतो, त्याच्यात वाढ थेट मिळवता येत नाही. बिंदूची नवी जागा परिघावर काढायची आणि त्या जागेतून जाणारं लंबवर्तुळ सोडवायचं.

दुसरं कारण जास्त मजेदार आहे. खोलवर मटेरियल चारी बाजूंनी जखडलेलं असतं, पृष्ठभागावर ते मोकळं असतं, त्यामुळे तिथे प्लास्टिक झोन मोठा होतो आणि क्रॅक लोड उतरताना लवकर मिटतो. क्रॅक क्लोजरची ही कल्पना वुल्फ एल्बरने १९७० च्या सुमारास मांडली. मिटलेला असताना क्रॅक वाढत नाही, म्हणून पृष्ठभागावर परिणामकारक डेल्टा-के कमी. न्यूमन आणि राजू यांनी प्लेटसाठी पृष्ठभागावरचा सी खोल बिंदूच्या सीच्या ०.९ चा एम घात एवढा धरला, म्हणजेच डेल्टा-के दहा टक्के कमी. तेवढं केलं तरी तुमची तक्रार बरीच कमी होईल असं वाटतं. आणि हो, सी आकारावर परिणाम करत नाही असं मी वर म्हटलं ते सगळ्या फ्रंटला एकच सी असेल तेव्हाचं, ही सुधारणा म्हणजे जागेनुसार वेगळा सी, तिला मागे ठोस कारण आहे.

एक्सल_तपासनीस

मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अल्ट्रासॉनिक टेस्टिंग करायचो, सिम्युलेशनमधला माणूस नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

तुमच्या विषयाची सुरुवातच एक्सलपासून झालीये. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा एक्सल तुटून मोठा अपघात झाला, आणि त्यानंतर चांगला एक्सल चालता चालता तुटतो कसा याचा लोकांनी खरा अभ्यास सुरू केला. पुढे जर्मनीत व्योलरने बार फिरवत वाकवून टेस्ट केल्या, आजचा एस-एन कर्व्ह (स्ट्रेस विरुद्ध फेऱ्यांचा आलेख) तिथूनच आलाय. तेव्हा कुणाकडे के नव्हता, नुसतं किती स्ट्रेसला किती फेऱ्या एवढंच.

आम्हाला हा आकार का महत्त्वाचा ते सांगतो. प्रोबला दिसतो परावर्तन देणारा पृष्ठभाग. एकाच खोलीचे दोन क्रॅक, एक लांबट उथळ आणि एक अर्धगोल, यांचा सिग्नल सारखा येत नाही. त्यामुळे तुम्ही लोक जेव्हा सांगता की क्रॅक ३ मिमी खोल असेल तेव्हा आमचा पहिला प्रश्न असतो की लांबी किती, आणि त्याचं उत्तर फक्त आकाराच्या सिम्युलेशनमधूनच येतं.

आणखी एक हिशोब. नवीन एलएचबी डब्याचं चाक ९१५ मिमी व्यासाचं, एका फेरीत २.८७ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला साधारण ३४८ फेऱ्या. मुंबई ते नागपूर रेल्वेने साडेआठशेच्या आसपास किलोमीटर, एका खेपेत जवळजवळ ३ लाख सायकली! तुमच्या फॉर्म्युल्याने १ मिमीचा क्रॅक २ मिमी व्हायला किती सायकली लागतात हो?

जाळीकाम

चांगला प्रश्न काढलात काका. छोटा अर्धगोल क्रॅक, खोल बिंदूला के साधारण ०.६६ गुणिले स्ट्रेस गुणिले रूट पाय-ए, ए म्हणजे क्रॅकची खोली. स्ट्रेसची रेंज २०० एमपीए धरली तर १ मिमीला डेल्टा-के ७.४ एमपीए रूट मीटर येतो. बार्समचे आकडे घालून इंटिग्रेट केलं तर १ ते २ मिमीला साधारण २.१ लाख सायकली, आणि २ ते ४ मिमीला फक्त दीड लाखाच्या आसपास. म्हणजे २०० एमपीएला तुमची नागपूरची गाडी अकोल्याच्या थोडं पुढे जाईपर्यंतच क्रॅक दुप्पट झालेला असेल.

अर्थात तसं होत नाही कारण एक्सल मुद्दाम जाड केलेले असतात, स्ट्रेस कमी ठेवलेला असतो. १०० एमपीएला त्याच १ मिमीला डेल्टा-के ३.७ येतो आणि बीएस ७९१० मधला हवेतल्या स्टीलचा थ्रेशोल्ड (ज्याच्या खाली क्रॅक वाढत नाही तो डेल्टा-के) आर ०.१ ला ४.७ च्या जवळ आहे, म्हणजे हिशोबाने तो क्रॅक हलतच नाही. आर वाढला की हा थ्रेशोल्ड खाली येतो, आर ०.५ च्या वर तो २ वरच येतो, म्हणून प्रेस फिटमुळे (चाक एक्सलवर दाबून घट्ट बसवल्यामुळे) किंवा उरलेल्या स्ट्रेसमुळे आर बदलत असेल तर तिथे निष्काळजीपणा चालत नाही.

बारवाला, यात तुमच्यासाठी पण एक मुद्दा आहे. थ्रेशोल्डच्या जवळ काम करत असाल तर नुसतं डेल्टा-केचं गुणोत्तर पुरत नाही. फ्रंटचा एक भाग थ्रेशोल्डच्या वर आणि एक भाग खाली असू शकतो, मग खालचा भाग थांबून राहतो आणि आकार लोडवर अवलंबून व्हायला लागतो. तुमच्या टेस्टमध्ये लोड किती होता ते लिहिलं नाहीत.

बारवाला_३०

मनापासून आभार, सी उडून जातो हे इतकं सरळ आहे आणि गाइडनाही दाखवलं, त्यांना पटलं. स्ट्रेसची रेंज १८० एमपीए आहे, थ्रेशोल्डच्या बऱ्यापैकी वर आहे असं दिसतं. गोल बारचा के घालून आणि ०.९ लावून परत चालवतोय.

दुसऱ्या पद्धतीबद्दल कुणी सांगाल का? के जे-इंटिग्रलमधून (कडेभोवतीच्या वलयावर ऊर्जेचा हिशोब करून) काढतो, कॉन्टूर म्हणजे असं वलय एकच घेतलाय, फ्रंटवर ४१ नोड, आणि स्टेपला सगळ्यात जास्त वाढ १ मिमी ठेवलीये. पृष्ठभागावरच्या शेवटच्या नोडला के एकदम विचित्र येतो, मेश बारीक करावी तसा तो अजून बदलतो, तो नोड कसा हाताळायचा तेच कळत नाहीये. खाच सरळ असल्यामुळे सुरुवातीला फ्रंट सरळ रेषेचा आहे.

टोकाचा_नोड

मी हेच काम करते, मुख्यतः गोल छेदाच्या कंपोनंटवर, त्यामुळे क्रमाने नाही पण सुचेल तसं लिहिते.

पृष्ठभागावरच्या नोडचा के मेशनुसार बदलतो यात तुमची काही चूक नाहीये. ज्या जागी क्रॅकची कड मोकळ्या पृष्ठभागाला भेटते तिथे स्ट्रेस रूट-आरच्या नियमाने (इथे आर म्हणजे आर रेशो नाही, कडेपासूनचं अंतर) वाढतच नाही. पॉइसन रेशो ०.३ असेल आणि कड पृष्ठभागाला काटकोनात भेटत असेल तर घातांक ०.५ ऐवजी ०.४५ च्या आसपास येतो, थोडक्यात त्या एका बिंदूवर के ही गोष्ट नेहमीच्या अर्थाने अस्तित्वातच नसते. बझांट आणि एस्टेन्सोरो यांनी १९७९ मध्ये हे दाखवलं. रूट-आरचा नियम टिकायचा तर कड काटकोनापेक्षा साधारण १० अंशाने कललेली लागते, पृष्ठभागावर जरा मागे रेंगाळल्यासारखी, आणि खऱ्या क्रॅकमध्ये कड तशीच मागे वळलेली दिसते. तुमच्या फोटोत कडेला शेवटच्या मिलिमीटरभरात बघा, दिसेलच. म्हणून शेवटचे एक-दोन नोड के काढताना सोडून द्या, आतल्या नोडवरून एक गुळगुळीत कर्व्ह पृष्ठभागापर्यंत ओढा आणि ती किंमत वापरा.

आता नागमोडी प्रकरण. क्रॅकच्या फ्रंटला स्वतःला सावरायची सवय असते. जो भाग पुढे गेला त्याचा के कमी होतो, जो मागे राहिला त्याचा वाढतो, म्हणून मागचा पुढच्याला गाठतो. ही सवयच तुमच्या मॉडेलमध्ये उलटतेय, कारण १ मिमीची स्टेप १ मिमी खोल क्रॅकला म्हणजे एका फटक्यात क्रॅक दुप्पट! मागे पडलेला नोड पुढच्याला गाठण्याऐवजी ओलांडून जातो, पुढच्या स्टेपला दुसरा ओलांडतो, आणि केमधला मेशचा थोडासा गोंधळ स्टेपगणिक वाढत जातो. एम ३ ला केमध्ये दहा टक्के चूक म्हणजे वाढीत ३३ टक्के चूक, हे लक्षात ठेवा. मी सुरुवातीला खोलीच्या पाच टक्क्यांच्या आत स्टेप ठेवते आणि क्रॅक वाढेल तशी ती वाढवते. स्टेप निम्मी केली तरी आकार तोच येतोय असं दिसेपर्यंत कमी करत जायचं, दुसरा काही उपाय नाही.

जे-इंटिग्रलचे कॉन्टूर पाच तरी घ्या, पहिला टाकून द्या, उरलेले आपसात एक-दोन टक्क्यांत जुळले पाहिजेत, जुळत नसतील तर मेश चुकलीये, पुढे जाऊच नका. फ्रंटभोवती नळीसारखी व्यवस्थित ब्रिक एलिमेंटची रांग, पहिल्या रांगेत क्वार्टर-पॉइंट एलिमेंट (मधला नोड कडेकडे पाव अंतरावर सरकवलेले), आणि एलिमेंटच्या रेषा फ्रंटला काटकोनात. प्रत्येक स्टेपनंतर नवीन बिंदूंमधून स्प्लाइन काढायची आणि त्या स्प्लाइनवर नोड परत समान अंतरावर बसवायचे, जुन्या नोडचाच माग काढत राहिलात तर ते एका बाजूला गोळा होतात. सरकवायचं ते कडेला लंब दिशेने, सरळ खाली नाही. स्मूदिंग करा पण हात राखून, चौथ्या घाताची बहुपदी सगळ्या फ्रंटला ठोकून दिली तर तुम्ही परत आकार स्वतःच ठरवताय, मग लंबवर्तुळ काय वाईट होतं.

आणि बारला हात लावायच्या आधी एक टेस्ट कराच. मोठ्या ठोकळ्याच्या आत मधोमध गोल क्रॅक ठेवा, त्याचं उत्तर नेमकं माहीत आहे, के म्हणजे २ गुणिले स्ट्रेस गुणिले (ए भागिले पाय) एवढ्याचंच वर्गमूळ, ए म्हणजे क्रॅकची त्रिज्या. तो वाढताना गोलच राहिला पाहिजे. मग त्याच जागी लंबवर्तुळ ठेवा, त्यात के छोट्या अक्षाच्या टोकाला जास्त असतो, म्हणून तो हळूहळू गोल होत गेला पाहिजे. या दोन्हींत तुमचा कोड पास झाला तर उरलेली भांडणं फक्त पृष्ठभागाशी.

सरळ खाचेची काळजी करू नका. मध्यभागी के जास्त आणि कडेला कमी, कारण कडेला क्रॅकची खोली जवळजवळ शून्य असते. त्यामुळे मध्य आधी पुढे येतो, कड फुगीर होते. उलट अर्धगोल खाचेने सुरुवात केली असती तर पृष्ठभागावर के जास्त निघाला असता आणि क्रॅक आधी रुंद झाला असता. शेफिल्डच्या लिन आणि स्मिथ यांनी १९९० च्या दशकात बारमध्ये अशाच वेगवेगळ्या सुरुवाती घेऊन फायनाइट एलिमेंटने वाढवून बघितल्या, थोडं अंतर गेल्यावर सगळे क्रॅक जवळजवळ एकाच वाटेला लागतात. पण तोवरचा प्रवास वेगळा असतो आणि आयुष्याचा मोठा हिस्सा नेमका त्याच सुरुवातीच्या प्रवासात जातो, वर जाळीकामने दिलेल्या सायकली बघा.

बारवाला_३०

ताई, गोल क्रॅकची टेस्ट केली. के दीड टक्क्यात आला आणि क्रॅक गोलच राहिला. मग बारमध्ये स्टेप कमी केली, शेवटचे दोन नोड सोडले, आता फ्रंट शेवटपर्यंत गुळगुळीत जातो आणि पहिले तीन बीच मार्क फोटोवर ठेवले तर रेषेवर रेष बसते. शेवटच्या मार्कला अजून थोडा फरक आहे, तिथे क्रॅक बारच्या अर्ध्याच्या पुढे गेलाय.

आता फिरत्या शाफ्टसाठी काय बदलावं लागेल? वाकवण्याचा लोड एका दिशेला लावून तोच कोड चालवला तर चालेल का?

टोकाचा_नोड

अर्ध्याच्या पुढे गेल्यावर पकड किती घट्ट होती ते तपासा. क्रॅक एका बाजूला मोठा झाला की बार त्या बाजूला वाकू बघतो, ग्रिप फिरू देत असेल तर वाकण्याचा जास्तीचा स्ट्रेस येतो, ग्रिप घट्ट असेल तर येत नाही. मॉडेलमध्ये नुसता एकसारखा स्ट्रेस लावला असेल तर तो फिरू देणारा झाला, टेस्ट मशीन तसं नसेल. टोकाला विस्थापन लावून बघा.

फिरत्या शाफ्टला एका दिशेचं वाकवणं पुरत नाही. साध्या वाकवण्यातच स्ट्रेस मध्याकडे कमी होत जातो, त्यामुळे खोल बिंदूचा के घसरतो आणि कड ओढीपेक्षा सपाट होते. त्यात शाफ्ट फिरतो म्हणजे फ्रंटवरचा प्रत्येक बिंदू आपापल्या वेगळ्या कोनाला जास्तीत जास्त केला पोचतो, पृष्ठभागावरचे दोन्ही बिंदू खोल बिंदूच्या आधी आणि नंतर. म्हणून एका फेरीचे कोन पाडायचे, प्रत्येक कोनाला सोडवायचं आणि प्रत्येक नोडची स्वतःची जास्तीत जास्त किंमत घ्यायची. लोड रेषीय आहे तोवर आडवं आणि उभं असं दोनदाच सोडवून बाकी कोन बेरजेने मिळतात, पण मिटलेल्या भागात क्रॅकचे दोन पृष्ठभाग एकमेकांत घुसतात तिथे ही बेरीज चालत नाही, कॉन्टॅक्ट द्यावा लागतो. आर इथे उणे १, तेव्हा सुरुवातीला फक्त ओढीचा अर्धा भाग डेल्टा-के म्हणून धरा.

एक्सल_तपासनीस

तुटलेल्या शाफ्टवर हे डोळ्यांनी दिसतं. सुरुवातीच्या जागेच्या बरोबर समोर शेवटचा तुटीचा भाग सापडत नाही, तो एका बाजूला सरकलेला असतो. क्रॅक फिरण्याच्या उलट बाजूला जास्त पळतो, त्यामुळे शाफ्ट कुठल्या दिशेला फिरत होता ते तुकडा हातात घेऊन सांगता येतं. तुमच्या मॉडेलमध्ये फिरण्याची दिशा घातलीच नाही तर कड दोन्ही बाजूंना सारखीच येणार, तेव्हा फोटोशी जुळवताना हे आधी बघा. आणि चाक किंवा बेअरिंग प्रेस फिट असेल तर क्रॅक खाचेतून नाही, फिटच्या कडेला घासून सुरू होतो, तिथे एकच खाच धरू नका. एकाच परिघावर बारीक बारीक बरेच असतात आणि मग ते एकमेकांना मिळतात.